उसात बिबट्या, पुस्तकात लांडगा

अर्बन फँटसी म्हणजे आजच्या शहरात घडणारी अद्भुतकथा. यात चेटकिणीला घरभाडं भरावं लागतं, पिशाच्चं रात्रीचे धंदे चालवतात आणि या सगळ्यांचा बंदोबस्त करायला निघालेली नायिका नेमकी त्यांच्यातल्याच एकाच्या प्रेमात पडते. आता ओतूर काही शहर नव्हे. जुन्नर तालुक्यातलं, कल्याण-नगर रस्त्यावरचं, मांडवीकाठचं, कांद्याच्या बाजाराचं गाव. पण अंधार पडल्यावर उसाच्या कडेने जाताना मोबाईलवर मोठ्याने गाणी लावणारी माणसं इथे राहतात. शेजारच्या शेतात बिबट्याचे दोन डोळे चमकतात, हे इथल्या वाचकाला पटवून द्यावं लागत नाही. त्यामुळे या पुस्तकांतल्या नायिकांवर बोलायचा हक्क ओतूरकरांना जरा जास्तच आहे. तर घ्या, वैताग आणि गंमत, दोन्ही मिसळून.

पहिला प्रियकर भुंकायचा

या साहित्याच्या सुरुवातीच्या पुस्तकांची यादी काढली की ‘वॉर फॉर द ओक्स’ हमखास निघतं. लेखिका एमा बुल, साल १९८७, शहर अमेरिकेतलं मिनिॲपोलिस. नायिका एडी रॉक बँडमध्ये गाते आणि गिटार वाजवते. अद्भुत जगातल्या दोन फौजांच्या भांडणात ती ओढली जाते आणि तिच्या राखणीला एक फूका नेमला जातो. हा गडी कधी माणूस, कधी कुत्रा. प्रेम शेवटी त्याच्यावरच बसतं. पण खरी मजा पुढे आहे. निर्णायक सामना एडी संगीतानेच लढते. प्रेमात पडली म्हणून तिने गिटार खुंटीला टांगली नाही. पुढच्या प्रत्येक नायिकेला हीच परीक्षा लावून बघा. निम्म्या नापास होतात.

बांधावरचं प्रेम

पॅट्रिशिया ब्रिग्जच्या ‘मून कॉल्ड’मधली (२००६) मर्सी थॉम्पसन गॅरेज चालवते. फोक्सवॅगन गाड्या दुरुस्त करणं हा तिचा धंदा आणि मनात आलं की कायोटी, म्हणजे कोल्ह्याच्या कुळातलं जनावर, होणं हा तिचा स्वभाव. शेजारी राहतो लांडग्यांच्या टोळीचा म्होरक्या ॲडम. घर चकाचक, शिस्त कडक. त्याने जास्त शहाणपणा शिकवला की मर्सी आपल्या जागेत, बरोबर त्याच्या खिडकीसमोर ठेवलेल्या भंगार गाडीचा आणखी एखादा भाग काढून ती अजून भिकार करून ठेवते. जुन्नर तालुक्यात बांधावरून तीन-तीन पिढ्या बोलत नाहीत. इथे बांधावरूनच लग्न जमतं. आणि लग्नानंतरही मर्सीच्या हातांचं ग्रीस सुटत नाही. पैकीच्या पैकी मार्क.

टोमॅटोने जग बुडवलं

नारायणगावच्या टोमॅटो बाजारातल्या कुणाला हे वाचायला देऊ नका. किम हॅरिसनच्या ‘डेड विच वॉकिंग’पासून (२००४) सुरू झालेल्या मालिकेत १९६६ साली जनुकीय बदल केलेल्या टोमॅटोतून विषाणू पसरतो आणि माणसं पटापट मरतात. चेटकिणी, पिशाच्चं, लांडगे मात्र वाचतात आणि लपून राहायची गरज उरली नाही म्हणून उघडपणे समोर येतात. तेव्हापासून त्या जगात माणूस टोमॅटोच्या नावानेही दचकतो. केचपची बाटली चोरून घ्यायची वस्तू. भाव पडला की रस्त्यावर टोमॅटो ओतून देणारा आपला शेतकरी या कादंबरीत गेला, तर त्याला दहशतवादी म्हणून धरतील.

जादू आली, वीज गेली

इलोना अँड्रूज हे एका बाईचं नाव वाटतं, पण ते नवरा-बायकोच्या जोडीचं टोपणनाव आहे. त्यांची केट डॅनियल्स ‘मॅजिक बाइट्स’मध्ये (२००७) पहिल्यांदा आली. तिच्या अटलांटा शहरात जादू लाटेसारखी येते. लाट आली की वीज बंद, गाड्या बंद, फोन बंद. ओसरली की सगळं सुरू. अमेरिकन वाचकाला ही अफाट कल्पना वाटली. कृषिपंपाची वीज रात्री येते म्हणून बॅटरी घेऊन पाणी भरायला जाणाऱ्या आंबेगाव-जुन्नरच्या माणसाला यात नवल ते काय? उलट तो विचारेल, लाटेचं वेळापत्रक तरी मिळतं का?

केटची दुसरी खुबी म्हणजे तिची जीभ. सिंह होणाऱ्या, सगळ्यांचा थरकाप उडवणाऱ्या करनला ती पहिल्याच भेटीत घरच्या मनीला बोलवावं तशी हाक मारते. वाचक तिथेच तिचा होतो.

वैताग पहिला: ऐन वेळी शुद्ध हरपली

तीनशे पानं तलवार चालवणारी नायिका शेवटच्या मारामारीत डोक्यात काठी बसून आडवी होते. शुद्धीवर येते ती नायकाच्या मिठीत. हा वैताग मात्र विलायती नाही. आपल्या लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८), दोन्ही पुस्तकांवर नाव नायिकेचं. आत मात्र संकटं, विरह, योगायोग आणि शेवटी मीलन. नायिकेचं मुख्य काम सोसणं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू करून त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ छापायला घेतली आणि यमूला स्वतःची गोष्ट स्वतः सांगायला बसवलं, तेव्हा कुठे मराठी नायिकेला आवाज मिळाला. जादू गेली, आवाज आला. दोन्ही एकत्र का मिळू नयेत, हे कोडं तेव्हापासूनचं.

ते सोडवायचा एक प्रयत्न काशीबाई कानिटकरांनी केला. १९२८ च्या ‘पालखीचा गोंडा’मध्ये त्यांनी स्त्रियांनी चालवलेलं राज्यच कल्पनेने उभं केलं.

वैताग दुसरा: नवरदेवाचं वय १०४

‘ट्वायलाइट’ (२००५) सगळ्यांनी वाचलं आणि कुणीच कबूल केलं नाही. लेखिका स्टेफनी मेयरला ही गोष्ट २००३ च्या जून महिन्यात स्वप्नात दिसली. नायक एडवर्डचा जन्म १९०१ चा, नायिका बेलाचा १९८७ चा. अंतर ८६ वर्षं. वधू-वर मेळाव्यात सहा वर्षांच्या अंतरावर नाक मुरडणाऱ्या मावश्या इथे गार पडतील. त्यावर कडी म्हणजे दुसऱ्या भागात बेला आपल्या अठराव्या वाढदिवशी रडकुंडीला येते, कारण एडवर्ड कायमचा सतराचा आणि आता ती त्याच्याहून मोठी दिसणार!

तो सोडून जातो, तेव्हा पुस्तकात पानंच्या पानं कोरी येतात. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. प्रत्येक पानावर फक्त महिन्याचं नाव. नायिकेच्या आयुष्यात चार महिने काहीच घडलं नाही. ना अभ्यास, ना मैत्रीण, ना एखादी भाकरी करपली. वैताग येतो तो याचा. प्रेमभंग होऊ दे, पण कांदा काढायला आला असेल तर तो काढावा लागतो की नाही?

वैताग तिसरा: तिढा

एक नायिका, दोन उमेदवार, सात पुस्तकं. पिशाच्च की लांडगा? तिढ्याची हौस असेल तर आदिपर्वात जा. दैत्यांनी कचाला मारलं, देवयानीने वडिलांकडून त्याला उठवून घेतलं. पुन्हा मारलं, पुन्हा उठवलं. तिसऱ्यांदा दैत्यांनी त्याची राख मद्यात मिसळून शुक्राचार्यांनाच पाजली. मग बापाने पोटातल्या शिष्याला संजीवनी विद्या शिकवली, तो पोट फाडून बाहेर आला आणि त्याने गुरूला जिवंत केलं. एवढं करून देवयानी लग्नाचं विचारते, तर कच म्हणतो, मी तुझ्या वडिलांच्या पोटातून आलो, म्हणजे भाऊ झालो! यापुढे हॉलिवूडने काय करावं? वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’साठी (१९५९) याच देवयानीची गोष्ट घेतली आणि मराठीत पहिलं ज्ञानपीठ आणलं. तिढा वाईट नसतो. नायिकेला त्यात फक्त निवड करायला उभं केलं की कंटाळा येतो. देवयानी निदान काहीतरी घडवून आणते.

मुखपृष्ठावर मान नाही

या पुस्तकांची मुखपृष्ठं ओळखायची खूण सोपी. चामड्याची घट्ट विजार, हातात शस्त्र, पाठमोरी बाई, पाठीवर गोंदण आणि डोकं बऱ्याचदा चौकटीबाहेर. २०१२ साली जिम हाइन्स या अमेरिकन लेखकाने अशा मुखपृष्ठांवरच्या बायकांसारखं उभं राहून स्वतःचे फोटो काढले. छाती आणि पार्श्वभाग एकाच वेळी वाचकाकडे वळवायचा म्हणजे मणक्याचं काय होतं, हे त्याला लगेच कळलं. आपल्याकडे चित्रकार रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांच्या नायिका देखण्याच असत, पण त्यांना चेहरा असे. तो बघूनच तर लोक अंक उचलत.

मयताला साक्षीला बोलवा

लॉरेल हॅमिल्टनची अनिता ब्लेक १९९३ साली ‘गिल्टी प्लेझर्स’मध्ये आली. तिची नोकरी म्हणजे मढी उठवणं. मृत्युपत्राचा वाद झाला की कबरीतल्या मालकालाच उठवून विचारायचं. सातबाऱ्याच्या भांडणात ही सोय असती तर तालुक्याची कोर्टं ओस पडली असती. पहिली नऊ पुस्तकं वाचक या कामावर फिदा. दहाव्यात, ‘नार्सिसस इन चेन्स’मध्ये (२००१), अनिताला अशी जादू जडते की प्रणय हीच तिची रोजची गरज होते. चाहत्यांचे सरळ दोन तट पडले. गंमत अशी की त्याच पुस्तकात ती बिबट्या-माणसांच्या टोळीची प्रमुखही असते. जुन्नरचा वाचक खुर्चीत सरसावून बसतो, पण टोळीच्या कारभारापेक्षा शेजघराचाच हिशेब जास्त.

शार्लेन हॅरिसच्या सूकीचं दुखणं उलटं. लुइझियानातली ही बारमध्ये काम करणारी मुलगी लोकांच्या मनातलं ऐकते. तेरातली बहुतेक पुस्तकं पिशाच्चांच्या प्रेमात गेली आणि २०१३ च्या शेवटच्या भागात ती आपल्या बारच्या मालकाकडे, जुन्या मित्राकडे वळली. पिशाच्चाच्या बाजूचे वाचक एवढे भडकले की लेखिकेला धमक्या आल्या.

शेजारचा घाट, घाटातली राणी

आता जरा घरात बघू. जुन्नरपासून जवळच्या नाणेघाटात सातवाहनांचं लेणं आहे. आत नागनिका राणीचा प्राकृत शिलालेख. ती महारठीची मुलगी, सातकर्णी राजाची बायको आणि राजा गेल्यावर लहान मुलांच्या वतीने कारभार पाहणारी. लेखात काय आहे? हिशेब! कोणत्या यज्ञाला किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण दिले, सगळं आकड्यांत. भारतातल्या सर्वात जुन्या अंकचिन्हांमध्ये हे आकडे धरले जातात. राजघराण्याचे पुतळेही तिथे होते. त्यातल्या काहींची आता पावलंच उरलीत, वर नावं कोरलेली. आणि बाहेर दगडी रांजण, जकातीचा म्हणून ओळखला जातो. दोन हजार वर्षांपूर्वीची ही बाई अर्बन फँटसीवाल्यांना मिळाली असती तर त्यांनी तिला चामड्याची विजार घातली असती. इथे तिने स्वतःच स्वतःचं दफ्तर दगडात लिहून ठेवलंय.

व्याकरण चुकलं, कथा जन्मली

याच सातवाहन घराण्याच्या नावावर एक दंतकथा आहे. राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. एक राणी संस्कृतात म्हणाली, पाणी उडवू नका. राजाने संधी चुकीची सोडवली आणि मोदक मागवले. राणी हसली. राजाला लागलं. त्याला भाषा शिकवण्यावरून पंडितांत पैज लागली, गुणाढ्य हरला आणि सुसंस्कृत भाषा सोडून त्याने पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचली. राजाने ती नाकारली, तेव्हा गुणाढ्य जंगलात पशुपक्ष्यांना वाचून दाखवत एकेक पान आगीत टाकत गेला. सात लाखांपैकी एक लाख श्लोक वाचले म्हणतात. त्याच परंपरेतून अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यमतीच्या करमणुकीसाठी ‘कथासरित्सागर’ लिहिला. त्यात विद्याधर आहेत, उडणारी यंत्रं आहेत आणि वेताळाच्या पंचवीस गोष्टीही. तोच वेताळ पुढे ‘चांदोबा’तून घराघरांतल्या पोरांच्या मानगुटीवर बसला. म्हणजे हा सगळा खटाटोप एका राणीच्या हसण्याने सुरू झाला आणि दुसरीच्या वाचनाच्या आवडीने टिकला.

आणि निव्वळ प्रेम हवं असेल तर हालाची ‘गाथासप्तशती’ आहेच. सातशे प्राकृत गाथा, बहुतेक खेड्यातल्या. त्यात एक बाई मुक्कामाला आलेल्या वाटसरूला घरात कोण कुठे झोपतं ते समजावते. वरवर त्याने अंधारात अडखळू नये म्हणून. सासूही तिथेच! स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये ही गाथा मराठीत आणली. अर्बन फँटसीच्या लेखकांनी प्रणयाच्या चाळीस पानांआधी यातली एक गाथा वाचावी.

मालिका अर्धीच राहिली

पुढचा भाग कधी, या वैतागाला तेराशे वर्षांचा इतिहास आहे. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त पोपट गोष्ट सांगतो, प्रेमिक मरतात, पुन्हा जन्मतात, महाश्वेता सरोवराकाठी वाट बघत बसते. आणि ऐन रंगात लेखकच गेला. उरलेला भाग मुलाने पुरा केला. त्या काळच्या वाचकांनीही बापाची सर नाही म्हणून नाकं मुरडली असणार.

नायिका सर्वोच्च न्यायालयात

मराठीत प्रणय लिहिण्याची किंमतही बघा. चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली खटला उभा राहिला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्तींनी कथा वाचली आणि १९६९ मध्ये काकोडकर निर्दोष सुटले. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला. एकाच वर्षात कोर्टही जिंकलं आणि तिकीटबारीही.

आमच्याकडे टोळी नसते, आई असते

लांडगेवाल्या पुस्तकांत सदा टोळीचा म्होरक्या गुरगुरत असतो. बिबट्याचं तसं नाही. तो एकटा राहतो आणि पिल्लांचं सगळं आई बघते. ऊसतोडीत पिल्लं सापडली की वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माणसं ती तपासतात आणि रात्री त्याच शेतात क्रेटमध्ये ठेवतात. आई बहुतेक वेळा येते, वास घेते, एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. इथे माणसांचे जीवही गेलेत, त्यामुळे बिबट्याचं कौतुक इथे कुणी डोळे मिटून करत नाही. पण लेखकांनी हा धडा घ्यावा. ताकदवान नायिकेला म्होरक्या लागतोच असं नाही.

नारायणगावचा तंबू

जिद्दीची नायिका बघायला कुठे लांब जायचं? तमाशाची पंढरी नारायणगाव इथून हाकेच्या अंतरावर. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचल्या, कळा सुरू झाल्यावर आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, ही हकिगत सगळा महाराष्ट्र जाणतो. कादंबरीत हे लिहिलं असतं तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून खोडलं असतं.

भुतं तयार आहेत

सामग्रीची टंचाई नाही. विहिरीपाशी साती आसरा, पिंपळावर मुंजा, उलट्या पावलांची हडळ, रानात वाट चुकवणारा चकवा. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी वाघबारस पाळतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. आंबेगावात भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्याच्या रात्री कुजलेल्या काटक्या हिरव्या उजेडाने चमकतात. जादू नाही, बुरशी आहे. ओतुरात कपर्दिकेश्वराजवळ बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना स्वप्नात मंत्र देणारे आणि पावशेर तूप मागणारे हेच गुरू. स्वप्नातल्या गुरूसाठी विलायती लेखक अख्खा भाग खर्च करतात.

सुरुवातही झालीय. आदित्य सरपोतदारने २०२२ मध्ये ‘झोंबिवली’त डोंबिवलीकरांच्या मागे झोंबी लावले आणि २०२४ मध्ये ‘मुंज्या’ला हिंदीत नेलं. छोट्या पडद्यावर ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’मध्ये नेत्राला पुढचं दिसायचं. शत्रू मात्र सासरच्याच घरात!

नायिका पाहिजे: अटी खालीलप्रमाणे

तेव्हा मराठीत ओतूरची अर्बन फँटसी लिहिणाऱ्याने वाचकांच्या या अटी वाचूनच बसावं.

१. तिला कामधंदा असावा. आळेफाट्याला गॅरेज, बाजार समितीत आडत, वन विभागात नोकरी, काहीही. आणि तो प्रेमात पडल्यावरही सुरू राहावा.

२. शेवटच्या मारामारीत शुद्धीवर असावी.

३. एक तरी मैत्रीण असावी, जी तिसऱ्या प्रकरणात मरणार नाही.

४. आसरा, मुंजा यांच्याशी बोलायची रीत तिला आजीकडून आलेली असावी. परदेशी पुस्तकातून नको.

५. मुखपृष्ठावर तिला डोकं असावं.

६. हिशेब नागनिकेसारखा चोख.

७. प्रेम असावंच. नायक बिबट्या असो, मुंजा असो नाहीतर तलाठी. वय शंभराच्या पुढे नसावं आणि टोमॅटोच्या तोड्याला क्रेट उचलायला त्याने न बोलावता यावं.